दुकानातला रंग, घरातला रंग

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर चंदेरी साडी घ्यायला निघालेली मराठी बाई दुकानातल्या दिव्याखाली रंग कधीच पक्का करीत नाही. दहा साड्या उलगडून झाल्या, मनात एक ठरली, की ती दुकानदाराला म्हणते, "भैया, ज़रा बाहर उजाले में दिखाना." दुकानदारालाही त्यात आपला अपमान वाटत नाही. तो साडी हातावर घेऊन मुकाट्याने पायरीवर येतो. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून हा रिवाज चालत आलेला आहे. आत जो रंग मोरपिशी दिसत होता तो बाहेर हिरवटाकडे झुकतो, आत जो जांभळा वाटला तो उन्हात वांगी निघतो. मग पुन्हा आत, पुन्हा दुसरी साडी. माझे माहेर लष्करचे. माझ्या आईने, मावश्यांनी आणि आत्यांनी बाड्यावरच्या किती दुकानदारांना असे पायरीवर उभे केले असेल याचा हिशेब नाही.

त्यांच्यापैकी कोणीही प्रकाशशास्त्र शिकलेले नव्हते. पण वस्तूचा रंग केवळ वस्तूत नसतो, तो तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातही असतो, ही गोष्ट त्यांना पुस्तकांवाचून ठाऊक होती. सूर्यप्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व तरंगलांबी सलग असतात. ट्यूबलाइटच्या किंवा एलईडीच्या प्रकाशात तसे नसते. काही तरंगलांबी भरपूर, काही अगदीच तोकड्या. कापड जे परत पाठवील तेच आपल्याला दिसणार, आणि जे मुळात कापडावर पडलेच नाही ते कापड परत कुठून पाठवणार? म्हणूनच मॅचिंगच्या दुकानात साडीशी तंतोतंत जुळलेले ब्लाउजपीस घरच्या अंगणात आले की वेगळे पडते. दोन रंगद्रव्ये निराळी असूनही एका दिव्याखाली सारखी दिसू शकतात आणि दुसऱ्या दिव्याखाली त्यांचे बिंग फुटते. यात दुकानदाराचा दोष नाही आणि डोळ्यांचाही नाही.

हे पुराण आज लावण्याचे कारण असे की, यंदा आपल्या विज्ञान मंडळात एक सूचना आली आहे. प्राणिशास्त्र विभागाच्या दालनात खाऱ्या पाण्याची एक मोठी काचटाकी बसवावी, तीत जिवंत प्रवाळे ठेवावीत, वर निळे दिवे सोडावेत आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिचे उद्घाटन व्हावे, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्या विद्यार्थ्यांनी मला मोबाइलवर परदेशी दुकानांतील चित्रे दाखविली. पोपटी, केशरी, गुलाबी, निखाऱ्यासारखी पेटलेली प्रवाळे! "बाई, हे सगळे खरे आहे का?" असा प्रश्न एका विद्यार्थिनीने हळूच विचारला. प्रश्न उत्तम होता. त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात देता येत नाही, म्हणून हा लेख. माझे मत आधीच सांगून टाकते: ह्या सूचनेला माझा विरोध आहे, आणि तो खर्चासाठी नाही.

कायद्याची बाब एका वाक्यात संपते. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे, समुद्रपंखे हे सर्व घातले गेले. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. आपल्या समुद्रातून प्रवाळ काढणे, विकणे, बाळगणे हा गुन्हा आहे, मग ते जिवंत असो वा मेलेले. पण 'सरकार नको म्हणते म्हणून नको' एवढ्यावर विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे समाधान होऊ नये असे मला वाटते. टाकीची हौस ज्या रंगापोटी आहे, तो रंग म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने घरात प्रवाळांची टाकी उभारली. तिकडे हा छंद मोठा आहे. शेतात वाढवलेल्या कलमांप्रमाणे प्रवाळांचे लहान लहान तुकडे वाढवून विकतात. त्याने एका दुकानातून अ‍ॅक्रोपोरा जातीचा तुकडा आणला. दुकानात त्याचे टोक जांभळे, अंग पोपटी. घरी आणला त्याच संध्याकाळी तो त्याला किंचित फिका वाटला, आणि सहाव्या आठवड्यात सरळ तपकिरी झाला, चहाच्या चोथ्यासारखा. फोनवर मला म्हणाला, "मावशी, त्याने मला फसवले. रंग लावून विकला असणार."

मी त्याला म्हटले, तू दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र करतो आहेस. संध्याकाळचा फिकेपणा ही एक गोष्ट आणि सहाव्या आठवड्यातला तपकिरी रंग ही दुसरी. पहिली साडीची गोष्ट आहे. दुसरी साडीला कधीच घडत नाही, कारण साडी जिवंत नसते.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या जुन्या पुस्तकांत 'प्रवाळकीटक' असा शब्द आढळतो; तो कीटक नव्हे, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये. जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्या कुळातला तो प्राणी. एकेक पॉलिप म्हणजे वर तोंड आणि भोवती शुंडके असलेली लहानशी पिशवी. अशा हजारो पिशव्या शेजारी शेजारी राहून खाली चुन्याचा सांगाडा रचतात. सांगाडा पांढरा. त्यावरचे मांस बहुतेक पारदर्शक. मग रंग येतो कुठून?

रंगाचे मुख्य भागीदार दोन. पहिला म्हणजे पॉलिपच्या पेशींत वस्तीला असणारे एकपेशीय शैवाल. एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असते. ते प्रकाशसंश्लेषण करून अन्न बनवितात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाचे पोट प्रामुख्याने ह्या भाडेकरूंवर चालते. त्यांचा रंग सोनेरी तपकिरी. दुसरा भागीदार म्हणजे प्रवाळाने स्वतः तयार केलेली रंगीत प्रथिने. त्यांतही दोन प्रकार आहेत. काही प्रथिने निळा प्रकाश गिळून त्याच्या बदल्यात हिरवा, पिवळा किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. त्यांना प्रतिदीप्त प्रथिने म्हणतात. काही नुसतीच प्रकाश शोषतात आणि आपल्याला जांभळी, निळी, गुलाबी दिसतात. पहिल्या प्रकारातले हिरवे प्रथिन शिमोमुरा ह्या जपानी शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळे केले, आणि त्या कामासाठी २००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला चाल्फी आणि त्सिएन यांच्यासह मिळाले. आज जीवशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत पेशीचा एखादा भाग 'उजळवायचा' तर हेच कुटुंब कामाला येते.

प्रतिदीप्ती समजायला प्रयोगशाळेत जायला नको. आपल्या आजीच्या काळापासून पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल देतात. ती नीळ नव्हे. ती उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषते आणि निळसर दृश्य प्रकाश बाहेर टाकते. म्हणून टिनोपालचा सदरा उन्हात 'पांढऱ्याहून पांढरा' दिसतो आणि कंदिलाच्या उजेडात साध्या सदऱ्यासारखाच.

आता दुकानात चला. तिथल्या टाकीवरचे दिवे बहुधा गडद निळे असतात, ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपासचे. आजूबाजूची खोली मुद्दाम अंधारी. निळ्याशिवाय दुसरा प्रकाशच नसल्यामुळे तपकिरी शैवाल काळवंडून मागे जाते, आणि ज्या ज्या ठिकाणी प्रतिदीप्त प्रथिन आहे ते तेवढेच पेटून उठते. डोळाही त्या निळ्याला हळूहळू सरावतो आणि हिरवा-केशरी त्याला अधिकच झगझगीत वाटू लागतो. तोच तुकडा घरी, दिवसाउजेडासारख्या पांढऱ्या दिव्याखाली ठेवला की प्रतिदीप्ती आहे तेवढीच राहते, पण तिच्यावर परत फिरलेल्या साध्या प्रकाशाचा पूर येतो आणि तपकिरी रंग पुढे सरसावतो. तारे दिवसाही आकाशातच असतात, तसेच हे. उलटही घडते: जांभळी-गुलाबी, प्रतिदीप्त नसलेली प्रथिने पांढऱ्या प्रकाशात खुलतात आणि निव्वळ निळ्यात मलूल दिसतात. म्हणजे एकाच दिव्याखाली सर्व रंग सारख्याच थाटात दिसतील अशी सोयच निसर्गाने ठेवलेली नाही.

गेल्या मे महिन्यात ग्वाल्हेरला गेले असता बाड्याच्या मागच्या अंगाला शोभेच्या माशांच्या एका दुकानात डोकावले. निळ्या दिव्याखाली पोपटी-केशरी 'प्रवाळे' लखलखत होती. मी विचारल्यावर दुकानदाराने हसत निळा दिवा बंद करून पांढरा लावला. ती प्लॅस्टिकची होती, साधी, किंचित मळकट. झगमगाटाला जीव लागत नाही हे एवढ्या स्वच्छपणे दाखविणारा प्रयोग मला वर्गातही जमला नसता. त्याने लपवाछपवी केली नाही, याबद्दल त्याचे आभार.

हा झाला पाहण्यातला फरक. तो क्षणात होतो आणि क्षणात जातो. भाच्याच्या तुकड्याचे सहाव्या आठवड्यात जे झाले ते मात्र पाहण्यातले नव्हे, होण्यातले होते. प्रवाळ आपल्या पाण्याशी आणि आपल्या उजेडाशी सतत हिशेब करीत असते. प्रकाश कमी पडला की शैवाल आपले रंगद्रव्य वाढवून मिळेल तेवढा प्रकाश गोळा करू पाहते, आणि प्रवाळ तपकिरी होते. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढले (घरच्या टाकीत माशांना प्रेमाने अधिक खाऊ घातले की ते वाढतेच) तर शैवालाची संख्या वाढते, आणि पुन्हा तपकिरी. उलट प्रकाश तीव्र असेल, विशेषतः त्यातला निळा भाग, तर प्रवाळ स्वतःची रंगीत प्रथिने अधिक बनविते; आतल्या शैवालाला उन्हाचा तडाखा बसू नये म्हणून धरलेली ती एक छत्रीच असते. ह्या घडामोडींना दिवस नव्हे, आठवडे लागतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, जी छंदिष्टांच्या रागात बहुधा हरवते. दुकानात प्रवाळ फार दिवस राहत नाही. ते आले आणि विकले गेले. तेव्हा दुकानात दिसलेला रंग हा दुकानाचाही नसतो. तो ज्या समुद्रात किंवा ज्या शेतात ते वाढले तिथला असतो, प्रवासात थोडा विटलेला. दुकानदार आदल्या मुक्कामाचा रंग विकतो. घरच्या टाकीचा रंग घरची टाकीच ठरविणार, आणि त्याची पावती कोणत्याही दुकानात मिळत नाही. सासरी आलेल्या मुलीचे गुण-अवगुण सारे माहेरच्या नावावर मांडण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तिच्यातला हा प्रकार.

भाच्याने माझे अर्धेच ऐकले. प्रकाश कमी पडतो आहे एवढे शब्द त्याने उचलले आणि दिव्याची तीव्रता एका रात्रीत दुप्पट केली. तिसऱ्या दिवशी तुकडा पांढरा झाला आणि आठवड्यात मेला. पुढच्या तुकड्याच्या वेळी त्याने महिनाभर प्रकाश थोडा थोडा चढविला, पाण्यातले नायट्रेट दर रविवारी मोजले. आता त्याच्या टोकांना जांभळी छटा आहे. दुकानातल्यासारखी मुळीच नाही, पण आहे.

लष्करात बाड्याला लागूनच सराफा बाजार आहे. तिथल्या काचेखाली आणखी एक प्रवाळ असते: पोवळे. 'प्रवाळ' आणि 'पोवळे' हे मूळचे एकच शब्द, आणि आपल्या कन्नड विभागातील मित्रांचे 'हवळ'ही त्यांचे सख्खे भावंड. प चा ह करणे ही कन्नडची जुनी खोड. पण शास्त्राच्या दृष्टीने पोवळे आणि बेटे बांधणारे प्रवाळ यांच्यात मोठे अंतर आहे. दागिन्यातले तांबडे पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातले. नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको गावात ते घासण्या-कातरण्याचा धंदा शतकानुशतके चालला आहे. त्या प्राण्याच्या अंगी शैवालाची वस्ती नसते. त्याचा रंग मांसात नसून सांगाड्यातच असतो, गाजराच्या रंगाशी नाते सांगणाऱ्या द्रव्यामुळे. म्हणून तो प्राणी मेल्यावर, घासल्यावर, अंगठीत बसल्यावरही तांबडाच राहतो. आपल्या मनातला 'प्रवाळाचा रंग' हा या पोवळ्यावरून आलेला आहे: टिकाऊ, पक्का, वस्तूच्या मालकीचा. (अर्थात तिथेही पांढऱ्या स्वस्त प्रवाळाला तांबडा रंग चढवून विकणारे असतात, आणि अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला की कापूस लाल होतो. भाच्याचा संशय सराफ्यात शोभला असता.) ज्याने आयुष्यभर पोवळे पाहिले तो जिवंत प्रवाळाकडूनही तोच पक्केपणा मागतो. आणि जिवंत प्रवाळाचा सांगाडा तर पांढरा! ते मेले की त्याचा रंग पहिल्यांदा जातो.

मला खरी चिंता वाटते ती पुढच्या गोष्टीची. आपण तपकिरी रंगाला दोष समजू लागलो आहोत. तपकिरी झाले म्हणजे बिघडले, तकतकीत गुलाबी झाले म्हणजे सुधारले, असा दुकानी न्याय. वस्तुस्थिती पाहिली तर समुद्रातली पुष्कळशी निरोगी प्रवाळे तपकिरी, खाकी, शेवाळी अशाच रंगांची असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती पाण्यात डोके घालून पाहणाऱ्या प्रवाशांची पहिली प्रतिक्रिया पुष्कळदा निराशेची असते: "हे तर दगडच दिसताहेत." ते दगड नसतात, भरल्या घरातले प्रवाळ असते ते. शिवाय पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी गिळते. दहा-पंधरा मीटर खाली तो जवळजवळ उरत नाही. चित्रपटांतले समुद्रतळाचे रंग पाहतो ते बहुतेक वेळा छायाचित्रकाराने बरोबर नेलेल्या दिव्याचे असतात.

आणि तकतकीत रंगाचे काय? समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी अधिक तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या पोटातले शैवाल बाहेर टाकते. मग पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसतो; यालाच विरंजन म्हणतात. पण काही वेळा पांढरे पडण्याऐवजी प्रवाळ एकाएकी अतिसुंदर होते, दिव्यासारखे गुलाबी, निळे, पिवळे. २०१६ साली न्यू कॅलेडोनियाजवळ टिपलेली अशी दृश्ये 'चेसिंग कोरल' ह्या २०१७ च्या माहितीपटात आहेत. २०२० मध्ये इंग्लंडातील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा उलगडा केला. शैवाल गेले की आतला सांगाडा आरशासारखा प्रकाश परतवतो, तो वाढलेला निळा प्रकाश प्रवाळाला अधिक रंगीत प्रथिने बनवायला लावतो, आणि उरलेसुरले शैवाल परत नांदावे म्हणून प्रवाळ रंगाची छत्री उघडते. संकट सौम्य असेल तर ते त्यातून सावरू शकते. म्हणजे त्या झगझगाटाचा अर्थ 'मी उत्तम आहे' असा नव्हे. घर रिकामे होते आहे, असा आहे. टाकीतसुद्धा पाणी फार निर्मळ ठेवून, शैवालाला अर्धपोटी राखून फिकट मोहक छटा आणणारे छंदिष्ट आहेत. ते कौशल्य आहे हे मी नाकारीत नाही. परंतु त्या छटांना 'आरोग्य' म्हणू लागलो तर समुद्रावरचे संकट आपल्याला शोभा म्हणून दिसू लागेल. आणि संकट दूरचे नाही. लक्षद्वीपची प्रवाळे १९९८, २०१० आणि २०१६ अशी तीनदा मोठ्या प्रमाणावर विरंजित झाली. २०२३ पासून जगभर पसरलेल्या विरंजनाची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये करावी लागली.

टाकीच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, टाकीमुळे पाहणारा समुद्राच्या प्रेमात पडतो. खरे आहे. हेही खरे की हौशी लोकांनी प्रवाळांचे तुकडे वाढविण्याचे जे तंत्र बसविले त्याचा उपयोग बेटे पुन्हा लावण्याच्या कामी होतो; आणि मॉस्कोतील संशोधकांनी १९९९ मध्ये जी तांबडी प्रतिदीप्त प्रथिने जाहीर केली त्यांचे मूळ शोभेच्या टाक्यांत पाळल्या जाणाऱ्या प्रवाळवर्गीय प्राण्यांत होते. माझा वाद छंदाशी नाही. वाद आहे तो आपल्या दालनातल्या निळ्या दिव्याशी. ज्या विभागाने विद्यार्थ्याला 'उजेडात नेऊन पाहा' असे शिकवायचे, त्यानेच अंधारी खोली करून रंग दाखवायचा? माझी आई सातवी शिकलेली. तिने हे चालवून घेतले नसते.

तेव्हा माझी सूचना अशी. टाकीसाठी धरलेल्या रकमेतून एक सहल काढावी. आपण बेळगावात बसलो आहोत. एका बाजूला मालवण, जिथले सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि दुसऱ्या बाजूला मुरुडेश्वर, जिथून बोटीने नेत्राणी बेटावर जाता येते. दोन्ही ठिकाणी प्रवाळे आहेत आणि दोन्ही एका रात्रीच्या प्रवासात आहेत. (आंग्रिया बँक ह्या बुडालेल्या पठाराचे नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडले म्हणून काही विद्यार्थ्यांना तिथेच जायचे आहे, ती विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर भर समुद्रात आहे, आपल्या आवाक्यातली नव्हे.) मराठी विभागाने मालवण धरावे, कन्नड विभागाने नेत्राणी, किंवा उलटही चालेल, भाषा बदलल्याने प्रवाळ बदलत नाही.

बरोबर न्यायची ती एक रंगपट्टी. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या 'कोरलवॉच' ह्या उपक्रमाने २००२ पासून ती प्रचारात आणली आहे. पाण्यात टिकणारा एक तक्ता, कडेने रंगांचे चौकोन, चार छटा आणि प्रत्येकीचे फिक्यापासून गडदपर्यंत सहा टप्पे. गंमत अशी की, चारही छटा साध्या तपकिरी-हिरवट-पिवळट कुळातल्या आहेत. झगझगीत रंग तक्त्यावर नाहीतच. प्रवाळाचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग कोणत्या चौकोनाशी जुळतो ते लिहायचे. पुढच्या फेरीत त्याच जातीचा आकडा दोन टप्प्यांनी उतरला असेल तर शैवाल कमी झाले असे धरतात. पाण्याखाली तांबडा प्रकाश नाही, मग रंग जुळवायचा कसा, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारील. तक्ताही त्याच पाण्यात, त्याच उजेडात, प्रवाळाच्या शेजारी धरलेला असतो; साडी आणि ब्लाउजपीस दोन्ही एकदम पायरीवर आणावीत तसे. अगदी बारीक फरक राहतो, पण फिके आणि गडद यांची गल्लत होत नाही.

पावसाळ्यानंतर समुद्र निवळला की जायचे. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभे राहायचे नाही, मेलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. पाण्यात उतरण्यासाठी तिथले परवानाधारक वाटाडे असतात. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी बोटीत बसून आकडे लिहून घ्यावेत. नावे देण्यासाठी वही विभागात ठेवली आहे; दोन्ही भाषांत स्तंभ आखले आहेत, आणि आतापर्यंत कन्नडकडची नावे अधिक आहेत.